‘लिनक्सवर चालतो’ आणि ‘लिनक्ससाठी केलाय’ यात फरक आहे

दिवाळीत खानापूरहून भाचा आला तो लॅपटॉप घेऊनच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी उबुंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या सिस्टिमचा एक प्रकार) टाकलेलं, आणि डिस्क पुरेना म्हणून विंडोज काढून टाकलेलं. स्क्रीनवर मात्र विंडोजचा गेम. “बघा की मामा, चालालंय लिनक्सवर! म्हणजे आता हा लिनक्सचाच झाला की.”

चार दिवसांनी त्याचाच फोन. त्याच भरवशावर दुसरा एक ऑनलाइन गेम विकत घेतला होता, आणि तो सुरू होताहोताच बंद पडत होता.

ही चूक आमच्या बेळगावातल्या कितीतरी पोरांची होते. पैसे साठवून गेम घेतात, म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

आधी मूळ अडचण बघू. विंडोजच्या गेमची ‘ईएक्सई’ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीला ‘एम’ आणि ‘झेड’ ही दोन अक्षरं असतात, आणि थोडं पुढे बहुधा एक सरळ इंग्रजी वाक्य सापडतं: हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही. (डॉस ही मायक्रोसॉफ्टची विंडोजआधीची सिस्टिम.) म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर चालवायला गेलात तर काय सांगायचं, ते फाइल पोटातच घेऊन फिरते. लिनक्सच्या फाइलची बांधणी वेगळी, मॅकची आणखी वेगळी.

पण बांधणी हा लहान भाग झाला. लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर दोन्हीकडे तोच असतो, बेरीज-वजाबाकी तशीच होते. घोडं अडतं ते मागणी करताना. गेम सगळंच स्वतः करत नाही, सिस्टिमकडे मागत राहतो: ही फाइल उघड, हा आवाज वाजव, इथे हे चित्र काढ. चित्राची मागणी विंडोजवर बहुतेक वेळा डायरेक्टएक्सच्या भाषेत होते. ती मायक्रोसॉफ्टची, १९९५ पासूनची, विंडोज आणि एक्सबॉक्सपुरती. लिनक्सवर २०१६ मध्ये आलेलं व्हल्कन चालतं, ॲपलने २०१४ मध्ये स्वतःचं मेटल काढलं. सगळीकडे चालणारं ओपनजीएल होतं, पण २०१८ मध्ये ॲपलने तेही कालबाह्य ठरवलं.

आता आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कचेरीत कन्नडमधून अर्ज द्यायचा आहे आणि तुम्हाला मराठीच लिहिता येतं. एक तर जाणकाराकडून पूर्ण अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यायचा. नाही तर मराठी कागद घेऊन जायचं आणि दोन्ही भाषा येणारा ओळखीचा माणूस शेजारी उभा करायचा. काम दोन्ही रीतींनी होऊ शकतं, पण दुसऱ्या रीतीत कागद मराठीच राहतो.

‘लिनक्ससाठी केलेला’ गेम म्हणजे नव्याने लिहिलेला अर्ज. याला पोर्ट म्हणतात. कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी मागण्या बदललेल्या असतात, चाचण्या घेतलेल्या असतात, बिघडलं तर जबाबदारी त्यांची. यात बारीकसारीक गोष्टी फार छळतात. डिस्कवरच्या फाइलच्या नावात पहिलं अक्षर स्मॉल आहे आणि गेमने कॅपिटल मागितलं, तर विंडोज मुकाट्याने तीच फाइल देतं. लिनक्स म्हणतं, अशी फाइलच नाही. युनिटी किंवा गोडोसारखं गेम बनवायचं तयार इंजिन वापरलं तर बरंच काम सोपं होतं, तरी चाचणी आणि पुढच्या प्रत्येक अपडेटचा खर्च सुटत नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावरचे ९० टक्क्यांहून जास्त लोक विंडोजवर आहेत, त्यामुळे तो खर्च बहुतेकांना परवडत नाही. केलेला पोर्टही टिकेलच असं नाही: रॉकेट लीग या गेमने लिनक्स आणि मॅकची साथ मार्च २०२० मध्ये सोडली.

‘लिनक्सवर चालतो’ तो गेम दुभाष्याच्या जिवावर. हा दुभाषा म्हणजे वाईन, १९९३ पासूनचा. त्याला एम्युलेटर म्हणू नका. एम्युलेटर अख्खं दुसरं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. वाईन फक्त मागण्या ऐकून लिनक्सला समजतील अशा सांगतो. त्यावर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्यात डायरेक्टएक्सची मागणी व्हल्कनमध्ये बदलणारा भागही आहे. २०२२ चं स्टीम डेक हे हातातलं यंत्र लिनक्सवरच चालतं, विंडोजचे हजारो गेम खेळवतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं लिनक्सवरचं हे सर्वांत मोलाचं काम आहे. मॅकवर आणखी एक पेच आहे. २०२० पासूनच्या एम मालिकेत प्रोसेसरच वेगळा, त्यामुळे तिथे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांचंही भाषांतर करावं लागतं.

मग भाच्याचा गेम का अडला? दारावर पहारेकरी होता म्हणून. ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणारा अँटी-चीट असतो. तो सिस्टिमच्या पोटात शिरून तपासतो, आणि मध्ये दुभाषा दिसला की त्याला संशय येतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. व्हॅलोरंट या गेमचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट तर विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे अगदी गाभ्यातच, बसतो. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आलं आणि स्टीम डेकवर ते खेळणं थांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एपेक्स लेजेंड्सने लबाडीचं कारण देऊन लिनक्सवाल्यांना बाहेर ठेवलं. लोकांच्या यंत्रात काहीच बदललं नव्हतं, काल चालणारा गेम आज बंद झाला. मनाला हे फार लागतं, कारण पैसे दिलेले असतात.

भाच्याला फोनवरच गेमचं स्टीमवरचं पान उघडायला सांगितलं. खाली सिस्टिमच्या गरजा असतात, तिथे लिनक्सचा वेगळा रकाना आहे का बघ. नव्हता, फक्त विंडोज. तसं असलं तर आधी प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर इतरांचे अनुभव वाचायचे, आणि ऑनलाइन गेम असेल तर अँटी-चीट कुठला ते शोधायचं. खरेदीला १४ दिवस झाले नव्हते आणि खेळून २ तासही नव्हते, त्यामुळे स्टीमच्या नियमात बसून पैसे परत आले. पहिला गेम मात्र अजून उबुंटूवरच चालालाय.