माडीवर फिश टँक ठेवण्याआधी

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. अशा काचेच्या टाकीत ३०० लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे ३०० किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचे ७५ किलो, वाळू-दगडांचे ५०, स्टँडचे आणखी ५० धरा. झाले पावणेपाचशे. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणार असाल तर सात-आठ किलो वाढतील, तेवढे सोडून द्या.

आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून आखतात. आपली टाकी जेमतेम अर्धा चौरस मीटर जागा अडवते, म्हणजे तिच्याखाली चौपटीहून जास्त भार. इथेच बरेच जण बेत रद्द करतात. पण तो २०० चा आकडा खोलीभर एकाच वेळी भार आहे असं धरून असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो बावीसशे किलोंवर जातो. धडधाकट स्लॅब एका जागचं वजन आजूबाजूला वाटून बीमपर्यंत नेतो. तेव्हा वजन किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही बघायला हवं.

जुन्या माडीची जमीन लाकडी तुळयांवर असते. दोन भिंतींवर टेकलेली अशी दहा फुटी तुळई घ्या. वजन बरोबर मध्यावर ठेवलं तर तुळई वाकवणारा जोर सर्वांत जास्त. तेच वजन भिंतीपासून एक फुटावर आणलं की तो जोर जवळपास एक तृतीयांशावर येतो. म्हणून टाकी तुळया ज्या भिंतीत शिरतात त्या भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवावी. दोन-तीन तुळया वजन वाटून घेतात. तुळईला समांतर ठेवलीत, तर सगळा बोजा एकटीच्याच माथी.

गणपतीत माडीवर आरतीला पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने उभी राहतात, तरी तक्तपोशी, म्हणजे तुळयांवरची फळ्यांची जमीन, तग धरते. मग टाकीचं काय एवढं? माणसं प्रसाद घेऊन खाली उतरतात, टाकी वर्षानुवर्षं तिथेच असते. लाकडावर कायमचा भार राहिला की ते हळूहळू वाकत जातं; पहिल्या दिवशी आलेला झोळ काही वर्षांत दुप्पटही होऊ शकतो. पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात सुकायचं, या आपल्याकडच्या रहाटगाडग्यात तो आणखी वाढतो.

कोकणात खरी मेख पुढेच आहे. वाकवणारा जोर जिथे सर्वांत कमी, ते तुळईचं टोक जांभ्याच्या भिंतीत असतं. जांभा पाणी शोषतो, आणि ओल व वाळवी लाकडाला तिथेच आधी गाठतात. जुन्या घरात टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. तो लोण्यात शिरावा तसा आत गेला किंवा ठोकल्यावर बद आवाज आला, तर टाकी तळमजल्यावर, चांगल्या चोपलेल्या कोब्यावर.

स्लॅबची तपासणी वरून होत नाही, खालच्या मजल्याचं छत बघावं लागतं. मालवण, गुहागरसारख्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर आलेला क्षार काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि सळईवरचं संरक्षक आवरण मोडतो. गंज मूळच्या लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे आतून रेटा बसून काँक्रीट फुटतं. सळईच्या रेषेत सरळ गेलेली चीर, तांबूस ओघळ, फुगलेला गिलावा ही त्याची चिन्हं. अशा छतावर टाकी नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. छत नुकतंच रंगवलेलं असेल तर मी जरा जास्तच संशयाने बघेन. भिंतीतून बाहेर झेपावलेल्या गॅलरीचा तर विचारही करू नये. तिथली मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि पावसाचं पाणी नेमकं वरूनच मुरतं.

सगळं ठीक वाटलं तर स्टँडखाली जाड प्लायवूड घाला, म्हणजे पायांचा भार चार फरशांवर एकवटणार नाही. टाकी आधी अर्धी भरा आणि दोन्ही टोकांना काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. पाण्याइतकी खरी पाणसळ गवंड्याकडेही नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, भरल्यावर मोजा, पावसाळ्यानंतर मोजा. दोन टोकांतला फरक वाढत चालला, तर जमीन दबते आहे आणि काचेच्या सांध्यांवर ताण येतो आहे. मासे बादलीत काढा आणि टाकी उपसा.