हाडं नक्की किती? ३६०, ३०० की २०६

रामकुंडावर कधी अस्थी घेऊन गेला असाल तर माहिती असेल, कलशात राखेपेक्षा पांढरे तुकडेच जास्त असतात. काकांच्या अस्थी सावडल्या तेव्हा मी पहिल्यांदा ते हातात घेतले, एक तुकडा आतून जाळीदार, जरा दाबला तर चुरा. हाडाला चिवट ठेवणारं कोलॅजेन चितेत जळून जातं, कॅल्शियम फॉस्फेट जळत नाही, ते मागे राहतं. रामकुंडात अस्थी विरघळतात अशी आपली श्रद्धा, आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे सगळं आधी मोजलं कोणी.

तर आपल्याकडे मोजलं सुश्रुतांनी, आणि तेही नदीच्याच मदतीने बरं का. सुश्रुतसंहितेत पद्धत दिलीय, शव गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून नदीत आडबाजूला ठेवायचं, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. त्यांचा आकडा ३००, हातापायात १२०, धडात ११७ आणि मानेपासून वर ६३. वेदवादी ३६० म्हणतात पण शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, ३००च, असं तिथे सरळ लिहिलंय. चरकांकडेही ३६०च आहेत, पण त्यात दात आणि नखंसुद्धा धरलीत. सुश्रुतांनी नखं सोडली, दात आणि कूर्चा (नाकाकानातली असते तशी लवचिक, मऊ हाडं) मात्र ठेवल्या, म्हणून आज मोठ्या माणसात मोजतात त्या २०६ शी जुळत नाही. चूक म्हणण्यापेक्षा हाड कशाला म्हणायचं हाच घोळ आहे. तसंही जन्मलेल्या बाळात ३०० च्या आसपास तुकडे असतातच, ते पुढे जुळत जातात, गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक तर पंचविशीच्या आसपास जुळतं.

तिकडे युरोपात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द हजारेक वर्षं चालला. त्याने चिरली होती बहुतेक माकडं, आणि खालचा जबडा दोन हाडांचा असं लिहून ठेवलं. सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये दुष्काळ पडला, हाडांचे ढीग पडले होते, तेव्हा बगदादचे वैद्य अब्दुल लतीफ अल बगदादी यांनी दोन हजारांवर कवट्या बघितल्या, जबडा एकच! पण युरोपात ते ठसवलं १५४३ मध्ये व्हेसालियस या शरीररचनातज्ज्ञाने, स्वतः माणसाचं शरीर फाडून बघून.

जिवंत माणसाची हाडं दिसायला मात्र १८९५ उजाडावं लागलं. राँटजेनने बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला, बोटांची हाडं आणि वर अंगठी. हातापायाच्या पंजांत मिळून १०६ हाडं, म्हणजे निम्म्याहून जास्त तिथेच, त्यामुळे सुरुवातीला हातच निवडला हे बरंच झालं म्हणायचं.

शिकायला खरे सांगाडे लागतात, आणि बरीच वर्षं जगभरच्या मेडिकल कॉलेजांना ते जायचे आपल्या कोलकात्याहून. १९८५ ला सरकारने निर्यात बंद केली. आता प्लास्टिकचे मिळतात, तरी जुने खरे बोन सेट सीनियरकडून ज्युनिअरकडे फिरत असतातच. भाच्याने फर्स्ट इयरला असाच एक घरी आणला, तर आजी, जिने रामकुंडावर कलश मांडीवर घेऊन तासभर बसून काढला होता, ती म्हणाली, "ते कोणाचं आहे ते घरात नको हं, गॅलरीत ठेव." आठ महिने तो सेट वॉशिंग मशीनच्या बाजूला, कापडी पिशवीत होता.