मराकेशच्या वेशीवर सहारा नाही

मोरोक्कोत स्वस्तात फिरणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे: मराकेशला उतरले की सहाराच्या वाळूच्या टेकड्या तासाभरावर असतात. तासाभरावर आहे ते अगाफाय. तिथे उंट आहेत, तंबू आहेत, पण जमीन मात्र दगडधोंड्यांचे उजाड माळरान आहे (छायाचित्रांत ते फसवे दिसते, हे मान्य). सहाराच्या वाळूच्या उंच टेकड्या, म्हणजे एर्ग शेब्बी, मेर्झुगा गावाजवळ, मराकेशहून साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहेत, आणि दक्षिणेकडची रेल्वे मराकेशलाच संपत असल्यामुळे, सुमारे २,२६० मीटर उंचीवरील तिझी-न-तिश्का खिंडीतून अ‍ॅटलास पर्वतरांग ओलांडत बसमध्ये जवळजवळ अख्खा दिवस काढावा लागतो. हिवाळ्यात ही खिंड बर्फामुळे कधीकधी बंद होते. स्वस्त म्हणून विकली जाणारी दोन दिवसांची सहल बहुधा झागोरा या गावापर्यंतच जाते, जिथल्या टेकड्या बऱ्याच बुटक्या आहेत.