कामाच्या ठिकाणचा मानसिक प्रथमोपचार

सहकाऱ्याच्या मनावरचा असह्य ताण किंवा सुरू होत असलेला मानसिक आजार ओळखून, तज्ज्ञाची मदत मिळेपर्यंत अथवा संकट ओसरेपर्यंत त्याला दिलेला पहिला आधार. हा आधार देणारा निदान करत नाही, गोळी सुचवत नाही, समुपदेशकाची जागाही घेत नाही. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात याचे प्रशिक्षण सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत पोहोचले.

प्रशिक्षणात पाच कृती शिकवल्या जातात: जवळ जाऊन धोक्याचा अंदाज घेणे, दोष न देता ऐकणे, धीर व माहिती देणे, तज्ज्ञाकडे जाण्यास प्रवृत्त करणे आणि घरच्यांचा, मित्रांचा आधार जोडून देणे. क्रम बदलला तरी चालतो. जिवाला धोका असेल तर तो मात्र आधी पाहायचा. यांत ऐकणे सर्वांत अवघड. समोरचा दोन वाक्ये बोलतो न बोलतो तोच ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस’, ‘देवावर भार टाक’ असे सल्ले सुरू होतात. हेतू चांगला असतो, पण बोलणारा तिथेच मिटतो. म्हणून दिसलेल्या गोष्टीवरून सुरुवात करायला शिकवतात: ‘हल्ली जेवणाच्या सुट्टीत एकटाच बसतोस, झोप लागते ना नीट?’ एवढे विचारून थांबायचे.

‘जीव द्यायचे विचार येतात का?’ हा प्रश्न थेट विचारावा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत संशोधनाने खोटी ठरवली आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि गुपित पाळण्याचे वचनही देऊ नये. छातीत दुखणे, श्वास कोंडणे ही भीतीच्या झटक्याची लक्षणे असली तरी हृदयविकाराचीही असतात. शंका असेल तर १०८ ला फोन करावा.

गोव्यात या कौशल्याची गरज कामाच्या स्वरूपातच आहे. हॉटेलांत ऑक्टोबरपासून ‘सीझन’भर उसंत नसते आणि पावसाळ्यात कामच आटते. कॅसिनोंत रात्रपाळी, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत फिरती पाळी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील ट्रकमालक आणि कामगारांचे उत्पन्न थांबले, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. असा माणूस ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. अंग दुखते, डोके जड आहे, झोप नाही, असे सांगतो. कधी पिणे वाढते.

सामान्य माणसाला प्रशिक्षण देऊन हे काम होते, याचा भक्कम आधार गोव्यातच मिळाला. ‘संगाथ’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. त्यांनी नैराश्याच्या आणि अतिमद्यपानाच्या रुग्णांना दिलेली मदत परिणामकारक ठरल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते समुपदेशक प्रथमोपचारकापेक्षा बरेच अधिक शिकलेले होते आणि त्यांच्या कामावर देखरेखही असे. दोन दिवसांच्या वर्गातून तसे कौशल्य येईल अशी अपेक्षा धरणे चुकीचे. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाने शिकणाऱ्याची जाण आणि आत्मविश्वास वाढतो, हे अभ्यासांत दिसते. मदत घेणाऱ्याला किती लाभ होतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे.

छोट्या राज्यात गुप्ततेचा प्रश्न वेगळाच असतो. सुपरवायझर त्याच वाड्यावरचा, नाहीतर नात्यातला निघतो, आणि दुपारी सांगितलेले संध्याकाळी देवळापर्यंत पोहोचण्याची धास्ती असते. त्यामुळे रजा मंजूर करणाऱ्यालाच प्रथमोपचारक नेमू नये. शक्यतो प्रत्येक पाळीत दोघे असावेत, आणि मराठी, कोंकणी, हिंदी यांपैकी ज्या भाषेत माणूस घरी रडतो त्या भाषेत बोलणारा त्यांत असावा. सावंतवाडी-दोडामार्गाहून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचे.

पुढील उपचारांसाठी बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क देतो आणि आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगतो. विम्याची ही तरतूद कामगाराला पहिल्याच भेटीत सांगावी, कारण खर्चाच्या भीतीने अनेकजण डॉक्टरकडे जाणे टाळतात.