जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे 'जातात' का? नाही हो!

जर्मनीला शिकायला जायचं म्हटलं की कोणीतरी सांगतंच, व्हिसासाठी सरकारला दहा-बारा लाख भरावे लागतात आणि ते बुडाले समजायचे. साफ चूक. ते पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, तुमच्याच नावावर असतात. वर्षभर खायची-राहायची सोय आहे हे दाखवायला सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो ठेवावे लागतात, आणि तिकडे पोचून साधं बँक खातं उघडलं की दर महिन्याला ९९२ युरो त्यात येत राहतात, एकदम सगळे काढता येत नाहीत एवढंच. व्हिसा नाकारला तरी रक्कम परत मिळते, फक्त खातं चालवणाऱ्या कंपनीची फी जाते (ती फी म्हणजेच बहुतेक या अफवेचं मूळ!).

आणि हा एकच रस्ता नाहीये. पुरेशी स्कॉलरशिप चालते, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कोणी तिथल्या परदेशी नागरिकांच्या सरकारी ऑफिसात जाऊन तुमच्या खर्चाची लेखी हमी घेतली तरी चालतं. "तिकडे जाऊन काम करू, त्यातूनच भागवू" हे मात्र व्हिसाच्या वेळी ऐकून घेत नाहीत. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येतं. हां, तिथे राहण्याचं परमिट रिन्यू करताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात.