फोर-टेन एकनळी बंदूक

फोर-टेन एकनळी बंदूक : गुळगुळीत नळीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी छर्ऱ्याची बंदूक. नळीचा अंतर्व्यास ०.४१० इंच (सुमारे १०.४ मिमी.) असतो. मध्यवर्ती टोपीच्या (बुडाच्या मध्यभागी ठिणगी देणारी टोपी असलेल्या) काडतुसांवर चालणाऱ्या व आजही सर्रास काडतुसे मिळणाऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकांमध्ये ही सर्वांत लहान बोअरची (नळीच्या मापाची) होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटन, बेल्जियम, इटली, स्पेन व अमेरिकेत या बंदुका मोठ्या संख्येने तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा आजही वारसाहक्काने कुटुंबांत टिकून आहेत.

छर्ऱ्याच्या बंदुकीचा बोअर सामान्यतः नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या गोळ्यांवरून ठरतो. एका पौंड शिशाचे असे जितके गोळे होतात, तितक्या बोअरची ती बंदूक. बारा बोअर, वीस बोअर ही नावे अशीच पडली आहेत. फोर-टेन मात्र या पद्धतीला अपवाद असून तिचे नाव प्रत्यक्ष व्यासावरून आले आहे. गोळ्यांच्या हिशेबाने ती ६७ ते ६८ बोअरची ठरेल. यूरोपात तिला ‘३६ गेज’ व ‘१२ मिमी.’ अशीही नावे मिळाली आणि जुन्या बंदुकांची ओळख पटविताना त्यांमुळेच बराच घोटाळा होतो. खऱ्या ३६ गेजचा व्यास सुमारे ०.५०६ इंच भरतो, म्हणजे ‘३६ गेज’ हे केवळ व्यापारी नाव आहे. ‘१२ मिमी.’ हा आकडाही नळीचा नसून काडतुसाच्या कवचाच्या बाह्य व्यासाशी जुळतो.

उगम : या बोअरच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार यूरोप खंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित असलेल्या १२ मिमी. पिन-फायर (बाजूला बाहेर आलेल्या पिनेवर घोडा आपटून उडणाऱ्या) काडतुसापासून ते विकसित झाले. दुसऱ्या मतानुसार इंग्लंडमधील ‘गार्डन गन’, म्हणजे बागेतील उंदीर, घुशी व पाखरे यांच्यासाठीच्या हलक्या बंदुका, हे त्याचे मूळ होय. लंडनच्या इली ब्रदर्स या काडतूस उत्पादकांच्या संदर्भात १८७४ हे साल बहुधा दिले जाते. परंतु ते मध्यवर्ती टोपीच्या काडतुसाच्या विक्रीचे साल आहे, बोअरच्या जन्माचे नव्हे, हा भेद अनेक संकलनांत पाळलेला दिसत नाही. कवचाचा व्यास, ‘१२ मिमी.’ या नावाचे सातत्य आणि लीएझ (बेल्जियम) येथील कारागिरांचे या आकारातील प्रारंभीचे काम लक्षात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. गार्डन गनच्या परंपरेने या बोअरला जन्म दिला असे म्हणण्यापेक्षा गिऱ्हाईक मिळवून दिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. पॅरिसचे बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर यांच्या १८४५ च्या सुमाराच्या कडेवर आघात होणाऱ्या काडतुसावरून पुढे ९ मिमी. बागेच्या बंदुका निघाल्या. फोर-टेनच्या त्या समकालीन प्रतिस्पर्धी होत, पूर्वज नव्हेत. हातकाठीत लपविलेल्या बंदुका आणि नमुन्यासाठी पक्षी टिपणाऱ्या निसर्ग-अभ्यासकांच्या बंदुका यांतही हा बोअर वापरला गेला, कारण बारीक छर्ऱ्याने पक्ष्याचे कातडे फारसे खराब होत नसे.

अमेरिकेत हा बोअर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळला. आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, स्टीव्हन्स इ. कंपन्यांच्या स्वस्त एकनळ्या शेतकरी कुटुंबांत घरोघरी गेल्या. यांपैकी प्रारंभीच्या काही नळ्यांवर ‘४१०’ सोबत ‘४४’ हा आकडाही कोरलेला आढळतो. तो पाहून ०.४४-४० रायफलीचे गोळीबंद काडतूस भरणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण त्या गोळीचा व्यास सुमारे ०.४२७ इंच, म्हणजे नळीपेक्षा जास्त असतो.

रचना : बहुतेक बंदुका बिजागरीवर मोडून उघडणाऱ्या असतात. काहींची नळी दस्त्याला टेकेपर्यंत दुमडते. वेब्ली अँड स्कॉट यांसारख्या कंपन्यांनी बोल्ट सरकवून भरण्याचा प्रकारही काढला. बाहेर घोडा असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत चाप ओढल्यावर घोडा प्रहारक पिनेवर टेकूनच राहतो. नंतरच्या नमुन्यांत तो आपोआप किंचित मागे येतो. हा फरक मालकाने तपासून घेतलाच पाहिजे, कारण पहिल्या प्रकारात भरलेली बंदूक नुसती दगडावर आपटली तरी बार उडू शकतो.

काडतूसघर व दाब : जुन्या फोर-टेनच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाचे माप काडतूसघराच्या, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसते त्या भागाच्या, लांबीचे असते. २ इंच, २½ इंच व ३ इंच अशा तीन लांबी प्रचलित असून त्यांतील छर्ऱ्याचे वजन अनुक्रमे सुमारे ९, १२ ते १४ व १९ ग्रॅम असते. तीन इंची काडतूस विंचेस्टर कंपनीने १९३३ मध्ये आपल्या ‘मॉडेल ४२’ बरोबर बाजारात आणले. त्यामुळे त्यापूर्वीची बंदूक त्यासाठी बनलेली असण्याचा प्रश्नच येत नाही. काडतुसाची छापील लांबी ही बार झाल्यानंतर उलगडलेल्या कवचाची असते. तोंड दुमडलेले तीन इंची काडतूस म्हणूनच अडीच इंची घरात पुष्कळदा विनासायास बसते, पण उडताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते व दाब वाढतो. लहान बोअर म्हणजे सौम्य दाब, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकी मानकानुसार बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाचा कमाल दाब प्रति चौ. इंच ११,५०० पौंड, तर फोर-टेनचा अडीच इंचीसाठी १२,५०० व तीन इंचीसाठी १३,५०० पौंड आहे. शंभर वर्षे जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीचे आयुष्य या आकड्यांवर ठरते.

नळीवरील खुणा म्हणूनच काळजीपूर्वक वाचाव्या लागतात. लंडन व बर्मिंगहॅम (स्थापना १८१३) येथील चाचणीगृहांच्या (जादा दाबाचे बार काढून नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थांच्या) खुणांवरून चाचणीचा काळ आणि दारूचा प्रकार कळतो. नायट्रो, म्हणजे धूरहीन दारूच्या चाचणीची खूण नसेल, तर ती नळी काळ्या दारूपुरतीच समजावी. काडतूसघराची लांबी ब्रिटिश नळ्यांवर १९२५ च्या नियमांनंतर कोरलेली आढळते. १९५४ च्या नियमांनंतर दाबही टनांत दिलेला असतो. बेल्जियन नळीवर लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही लीएझची खूण असते. नंतर कोणी घर खोदून लांब केले असल्यास खूण आणि माप जुळत नाही. अशी नळी पुन्हा चाचणी झाल्याशिवाय वापरू नये.

भारतातील फोर-टेन मस्केट : १८५७ नंतर हिंदी पोलिसांच्या हाती लष्कराहून कमी पल्ल्याची शस्त्रे ठेवण्याचे ब्रिटिश धोरण होते. त्यातून ईशापूर (बंगाल) येथील कारखान्यात ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून त्या ०.४१० च्या मस्केटमध्ये, म्हणजे गुळगुळीत नळीच्या लष्करी धाटणीच्या बंदुकीत, बदलण्यात आल्या. बहुतेकींच्या मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या गेल्या. त्यांचे काडतूस ०.३०३ च्या पितळी कवचाची मान सरळ करून घडविलेले असल्याने तोंडाकडे निमुळते होत जाते. नेहमीचे फोर-टेन काडतूस बुडाशी जाड असल्यामुळे मूळ घरात जात नाही. विक्रीस गेलेल्या पुष्कळ मस्केटांची घरे पुढे तीन इंची करण्यात आली आहेत. नाव सारखे असले, तरी ही वस्तू वरील बागेच्या बंदुकांहून वेगळी मानावी.

निगा : काळ्या दारूची काजळी हवेतील ओलावा शोषते, तर जुन्या टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेटापासून उरणारे क्षार तेलात विरघळत नाहीत. त्यामुळे अशी काडतुसे वापरल्यावर आधी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेलाचा हलका हात द्यावा. नुसते तेल लावल्यास गंज त्याखाली वाढतच राहतो. कोकण व गोव्याच्या पावसाळी हवेत चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या गवसणीत बंदूक महिनोन्‌महिने ठेवणे हे तिच्या नाशाचे सर्वांत नेहमीचे कारण होय, कारण गवसणी ओल धरून ठेवते. साफ केलेली बंदूक काही काळ तोंड खाली करून उभी करावी, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरून ते मऊ पडत नाही. दस्त्याला जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात पुरतात. बंद केलेल्या नळीच्या मुळाशी उजेड दिसत असेल, तर बिजागरीची खीळ झिजली आहे असे समजून बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी. नळीतील खोल खड्डे घासून काढण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात भिंतीची जाडी जाते आणि ती परत येत नाही.

कायदा : भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील पुराणवस्तूंची सवलत केवळ वयावर मिळत नाही, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रापुरतीच ती आहे. चालू स्थितीतील फोर-टेन कितीही जुनी असली, तरी तिला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली असून वारसाहक्काने आलेली बंदूकही या मर्यादेत मोजली जाते. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे.