समासातला आकडा: ऑर्डरचा की प्लेटचा?

जर्मन वसाहतींची तिकिटं जमवणाऱ्याला त्यांच्यावरच्या, कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) 'होहेनत्सोलर्न' जहाजाची ओळख करून द्यायला नको. फेनिगची छोटी तिकिटं, मार्कची (शंभर फेनिगचा एक मार्क) मोठी आडवी, आणि सगळी बर्लिनच्या 'राइशड्रुकराय' या सरकारी छापखान्यातली. छोटी शंभराच्या शीटमध्ये, साध्या उठावाच्या छपाईची. मोठी विसाच्या शीटमध्ये, कोरीव प्लेटवरून काढलेली. मोठ्यांवर हलकेच बोट फिरवलं की शाईचा उंचवटा जाणवतो. इथे कुणी चुकत नाही.

चुकतात ते समासात, म्हणजे शीटच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत. खालच्या समासात 'एच' आणि त्यापुढे आकडे दिसले की विक्रेते बेधडक 'प्लेट नंबर' असं लिहून मोकळे होतात. तो प्लेट नंबर नाही! तो छापखान्यातल्या कामाचा क्रमांक, म्हणजे जर्मन संग्राहकांचा 'हान' ('हाउसआउफट्रागसनुमर'चं लघुरूप). अमुक किमतीची तिकिटं छापायचं काम निघालं की छापखान्याच्या दप्तरात त्याला क्रमांक पडायचा आणि तोच समासात यायचा. पुढच्या वेळी काम नवं, क्रमांकही नवा. प्लेट नंबरचं नातं मात्र धातूच्या प्लेटशी. एकच प्लेट अनेक कामांना चालते, आणि एका मोठ्या कामाला एकाहून जास्त प्लेटा लागू शकतात. म्हणून एकावरून दुसरा ओळखता येत नाही.

याचा उपयोग रंगछटा लावताना कळतो. पाच फेनिगच्या हिरव्या तिकिटाचे दोन ब्लॉक (एकमेकांना जोडलेल्या तिकिटांचे तुकडे) घ्या. चित्र तेच, पण एक हिरवा गडद, दुसरा पिवळसर. शाई छपाईच्या दर खेपेला नव्याने कालवली जायची, त्यामुळे छटा खेपेनुसार बदलते, आणि खेप कुठली ते 'एच'चा क्रमांक सांगतो. प्लेट नंबर ते सांगूच शकत नाही. अल्बममध्ये बसावं म्हणून समास कापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अर्धवट कापलेला क्रमांक कशाच्याच कामाचा नाही. पूर्ण क्रमांक असलेली साधी जोडी मी कधीही पसंत करीन.

वरच्या समासातले चढते आकडे हा निव्वळ हिशेब. दहा फेनिगच्या शीटवर दहा तिकिटांच्या एका उभ्या रांगेचा एक मार्क होतो, दोन रांगांचे दोन. खिडकीवरच्या कारकुनाची सोय, बाकी काही नाही.

आणखी एक. हा क्रमांक बर्लिनमधल्या छपाईची साक्ष देतो, वसाहतीतल्या वापराची नाही. पॅसिफिकमधली जर्मन वसाहत सामोआ ऑगस्ट 1914 मध्येच न्यूझीलंडच्या ताब्यात गेलं. तरी सामोआचं वॉटरमार्कवालं 3 फेनिगचं तिकीट 1919 मध्ये निघालं, ते बर्लिनला संग्राहकांना विकण्यापुरतं. समासातला क्रमांक कितीही खरा असो, त्या तिकिटावर सामोआतल्या आपियाच्या जर्मन पोस्टाचा शिक्का असेल तर तो शिक्का बनावट आहे.